कोलेस्टेरॉलची गोळी दम्यावर चालते का?

पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या औषधांच्या डब्यात आज दोन गोष्टी शेजारी शेजारी असतात. एक कोलेस्टेरॉलची गोळी, बहुधा अटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन. दुसरा दम्याचा पंप. पहिली हृदयासाठी आणि दुसरा फुफ्फुसांसाठी, अशी वाटणी रुग्णाच्या मनात पक्की असते. वैद्यकीय संशोधनात मात्र गेली पंचवीस वर्षे एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे: ही हृदयाची गोळी श्वासनलिकेची सूजही उतरवत असेल का? प्रश्न वायफळ नव्हता. तो विचारणारे गंभीर संशोधक होते, आणि ‘हो’ म्हणायला त्यांच्याकडे सबळ कारणेही होती. तरीही जमलेला पुरावा एकत्र मांडून वाचला की माझ्या मते उत्तर ‘नाही’ असेच येते. किमान आज कोणा प्रौढ रुग्णाने दम्यासाठी म्हणून ही गोळी घ्यावी, असे सांगण्याइतके काहीही आपल्या हाती नाही. हे ‘नाही’ कसे आले ते समजून घेण्यासारखे आहे, कारण रोज वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर येणाऱ्या ‘अमुक औषध तमुक रोगावरही गुणकारी’ या बातम्या पारखण्याची रीत त्यातून कळते.

स्टॅटिन या औषधकुळाचा जन्म जपानमधला. टोकियोच्या सांक्यो कंपनीतले जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७१मध्ये बुरशींचा शोध सुरू केला. बुरशी स्वतःच्या बचावासाठी असे एखादे रसायन बनवत असावी, जे इतर सूक्ष्मजीवांची कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थांची निर्मिती रोखते, असा त्यांचा अंदाज होता. सहा हजारांहून अधिक बुरशी तपासल्यावर १९७३मध्ये क्योटोतल्या तांदळावरच्या एका निळसर बुरशीत त्यांना ते रसायन सापडले. पुढे अमेरिकेत मर्क कंपनीने दुसऱ्या एका बुरशीपासून, अ‍ॅस्परजिलस टेरियसपासून, लोव्हास्टॅटिन काढले आणि १९८७मध्ये ते बाजारात आले. तरी ‘कोलेस्टेरॉल उतरले म्हणजे माणूस जास्त जगतो का?’ ही शंका डॉक्टरांच्या मनात उरली होतीच. ती १९९४मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीने दूर केली. सुमारे साडेपाच वर्षांत सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांतील मृत्यू, नुसती निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, ३० टक्क्यांनी कमी होते. त्यानंतरच्या मोठमोठ्या चाचण्यांनी हाच कौल दिला. तेव्हा स्टॅटिनच्या हृदयावरच्या उपयोगाबद्दल इथे काहीही वाद नाही.

दम्याची आशा कुठून आली, हे समजायला स्टॅटिन नेमके काय अडवते ते पाहावे लागते. आपले यकृत कोलेस्टेरॉल बनवते ते एका लांबलचक रासायनिक साखळीतून. तिच्या सुरुवातीच्या टप्प्यावर एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचे एक विकर असते आणि स्टॅटिन नेमके त्यालाच अडवते. धरणाच्या कालव्याचे मुखाशीच दार उतरवले, तर शेवटच्या शेताचे पाणी बंद होतेच, पण मधल्या साऱ्या फाट्यांचेही होते. तसाच प्रकार इथे घडतो. या साखळीच्या फाट्यांवर अशी काही मेदयुक्त रसायने तयार होतात, जी पेशींतल्या ऱ्हो, रॅस अशा संदेशवाहक प्रथिनांना चिकटून त्यांना पेशीच्या पडद्याशी बांधून ठेवतात. ती बांधणी सुटली की दाह पेटवणारे अनेक संदेश मंदावतात. २०००मध्ये जिनिव्हातल्या संशोधकांनी प्रतिकारशक्तीच्या पेशींवर स्टॅटिनचा असा परिणाम दाखवून दिला आणि हे औषध प्रतिकारशक्तीला आवर घालणारेही असू शकेल, असे म्हटले. आता दमा म्हणजे काय? श्वासनलिका आवळल्या जातात, घरघर होते, धाप लागते हे दिसणारे रूप. पण मुळाशी असतो तो श्वासनलिकेच्या अस्तराचा वर्षानुवर्षे धुमसणारा दाह. त्यावरचे आजचे मुख्य औषध म्हणजे श्वासावाटे घेतलेले स्टिरॉइड. पण काही रुग्णांना ते पुरत नाही, आणि धूम्रपान करणाऱ्यांत त्याचा असर कमी पडतो. अशा वेळी स्वस्त, कोट्यवधी लोकांनी घेतलेली, दाह शमवणारी एक गोळी तयार असेल तर ती तपासून पाहायला नको का? पाहायला हवीच होती.

आधी ती उंदरांवर तपासली गेली. अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्या भागातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी निर्माण केलेले उंदीर दम्याच्या संशोधनात नेहमी वापरतात. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात सिम्व्हास्टॅटिनमुळे उंदरांच्या फुफ्फुसातल्या इओसिनोफिल पेशी आणि दाहाच्या इतर खुणा कमी झालेल्या दिसल्या. त्यानंतरच्या अनेक प्रयोगांतही तसेच दिसले. परंतु या प्रयोगांतला डोस शरीराच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिग्रॅमपर्यंत होता, आणि तो इंजेक्शनने पोटात दिला होता. उंदराचा चयापचय आपल्यापेक्षा कितीतरी जलद असतो, त्यामुळे त्याला सरळ माणसाच्या वजनाने गुणून चालत नाही. पण योग्य ते रूपांतर करूनही तो डोस माणसाला पेलणाऱ्या मात्रेच्या बराच वर जातो. सिम्व्हास्टॅटिनचा ८० मिलिग्रॅमचा डोससुद्धा स्नायूंना इजा करतो म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०११मध्ये त्यावर बंधने घातली. दुसरी अडचण याहून मूलभूत आहे. तोंडाने घेतलेली स्टॅटिनची गोळी आतड्यातून आधी यकृतात जाते आणि तिचा बहुतेक भाग तिथेच अडकतो. सिम्व्हास्टॅटिनचा तर पाच टक्क्यांहूनही कमी अंश पुढे रक्ताभिसरणात पोचतो. कोलेस्टेरॉलसाठी हे फारच सोयीचे, कारण काम यकृतातच आहे. पण श्वासनलिकेच्या अस्तरापर्यंत पोचायचे असेल तर हीच सोय आड येते.

मग माणसांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अमेरिका, तैवान अशा देशांत विमा कंपन्यांकडे आणि सरकारी आरोग्य योजनांकडे लाखो रुग्णांच्या औषधांच्या आणि रुग्णालयभरतीच्या नोंदी असतात. त्या चाळताना काही अभ्यासकांना दिसले की स्टॅटिन घेणाऱ्या दमेकऱ्यांना तातडीच्या विभागात कमी वेळा जावे लागते, तोंडाने स्टिरॉइडचा कोर्सही कमी वेळा घ्यावा लागतो. आकडे मोठे होते, फरक ठळक होता आणि प्रयोगशाळेतल्या कारणमीमांसेशी तो जुळतही होता. सगळ्याच नोंदी एका सुरात बोलत नव्हत्या हे खरे. अ‍ॅलर्जिक दमा असलेल्या रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात उलट स्टॅटिन घेणाऱ्यांचीच फुफ्फुसक्षमता अधिक घसरलेली दिसली होती. पण एकूण वारे आशेच्या बाजूने होते.

या नोंदींतला धोका ज्यांना समजून घ्यायचा आहे त्यांनी १९८०मध्ये प्रसिद्ध झालेला एक जुना निकाल अवश्य लक्षात ठेवावा. मला तो वैद्यकातल्या सर्वांत शिकवून जाणाऱ्या निकालांपैकी एक वाटतो, आणि तो कोलेस्टेरॉलच्याच औषधाचा आहे. स्टॅटिन येण्यापूर्वी क्लोफायब्रेट नावाचे औषध वापरत. एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर अमेरिकेत त्याची मोठी चाचणी झाली. ज्यांनी क्लोफायब्रेट नेमाने, म्हणजे ठरलेल्या डोसपैकी ८० टक्के किंवा अधिक घेतले, त्यांच्यातले १५ टक्के पाच वर्षांत दगावले. ज्यांनी हयगय केली त्यांच्यातले २४.६ टक्के दगावले. इथेच थांबलो तर औषध जीव वाचवते हे सिद्ध झाले असे कोणीही म्हणेल. पण चाचणीत दुसरा गट होता, निष्प्रभ गोळ्या घेणाऱ्यांचा. त्या गटात गोळ्या नेमाने घेणाऱ्यांतले १५.१ टक्के दगावले आणि हयगय करणाऱ्यांतले २८.२ टक्के! ज्या गोळीत औषधच नव्हते, ती वेळच्या वेळी घेणारेही तेवढेच जास्त जगले. म्हणजे फरक गोळीचा नव्हता, माणसांचा होता. नेमाने गोळी घेणारा माणूस खाण्यापिण्याचे पथ्य पाळतो, फिरायला जातो, तपासण्या चुकवत नाही, आजार वाढायच्या आत डॉक्टर गाठतो. शिवाय गोळ्या नेमाने घेता याव्यात इतपत त्याची प्रकृती आणि परिस्थिती बरी असते. या गोष्टींची नोंद कोणत्याही विम्याच्या वहीत नसते.

हे स्टॅटिनलाही लागू पडते का, ते कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या संशोधकांनी २००९मध्ये तपासले. त्यांनी स्टॅटिन घेणाऱ्या १ लाख ४० हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी घेतल्या आणि औषधाशी ज्यांचा काडीचाही संबंध नसावा अशा घटना मोजल्या. स्टॅटिन नेमाने घेणाऱ्यांचे वाहनांचे अपघात आणि कामावरचे अपघात हयगय करणाऱ्यांपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी निघाले. कोलेस्टेरॉलची गोळी कुणाला गाडी जपून चालवायला शिकवत नाही. जपून वागणारा माणूस गोळीही नेमाने घेतो, एवढाच याचा अर्थ. आता दमेकऱ्यांच्या नोंदींकडे परत या. जो दमेकरी कोलेस्टेरॉलची गोळी रोज घेतो तोच दम्याचा पंपही रोज घेत असण्याची शक्यता किती तरी जास्त. त्याला तातडीने दवाखान्यात कमी वेळा जावे लागले, तर श्रेय गोळीला द्यायचे की पंपाला? नोंदी कितीही लाख असोत, हा गुंता नुसत्या संख्येने सुटत नाही. तो सुटतो तो चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवारी करून, एका गटाला खरी आणि दुसऱ्याला निष्प्रभ गोळी देऊन, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्ण व डॉक्टर दोघांपासून लपवून केलेल्या चाचणीनेच.

अशा चाचण्या झाल्या, आणि त्यांचे निकाल नोंदींच्या आशेला पुरे पडले नाहीत. ग्लासगोमध्ये ५४ प्रौढ दमेकऱ्यांना आठ आठवडे अटोर्व्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम आणि आठ आठवडे निष्प्रभ गोळी आलटून पालटून दिली. २००८मध्ये आलेल्या निकालात सकाळच्या पीक फ्लोमध्ये, म्हणजे जोरात फुंकलेल्या श्वासाच्या वेगात, काहीच फरक नव्हता. कफातल्या एका प्रकारच्या दाहपेशी मात्र कमी झाल्या होत्या. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी वेगळा प्रश्न विचारला: सिम्व्हास्टॅटिन दिल्यावर पंपातल्या स्टिरॉइडची मात्रा तरी कमी करता येते का? २०१०चा निकाल सांगतो की नाही. त्याच वर्षी थायलंडमधून मात्र उत्साहवर्धक निकाल आला. स्टिरॉइडच्या पंपासोबत सिम्व्हास्टॅटिन दिलेल्या रुग्णांच्या कफातल्या इओसिनोफिल पेशी, नुसता पंप घेणाऱ्यांपेक्षा अधिक घटल्या होत्या. हे सगळे एकत्र वाचले की एक चित्र दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी काहीतरी हलते, पण रुग्णाचा श्वास मोकळा होत नाही. रुग्ण दवाखान्यात येतो तो कफातल्या पेशी मोजून घ्यायला नव्हे, जिना चढताना लागणारी धाप थांबावी म्हणून. त्यामुळे या दोन मोजमापांत विरोध असेल तर माझा कौल श्वासाच्या बाजूने आहे. कोक्रेन या पुराव्यांचा काटेकोर आढावा घेणाऱ्या संस्थेने २०२०मध्ये हा विषय तपासला तेव्हा दम्यात स्टॅटिनचा उपयोग होतो असे म्हणण्याइतका भरवशाचा पुरावा तिलाही सापडला नाही.

फुफ्फुसाच्याच दुसऱ्या एका आजारात तर ही परीक्षा फार मोठ्या प्रमाणावर झाली. सीओपीडी, म्हणजे विडी-सिगारेट, चुलीचा धूर यांनी होणारा श्वासनलिकांचा दीर्घ आजार. तिथेही नोंदींवरचे अभ्यास सांगत होते की स्टॅटिन घेणाऱ्यांचा आजार कमी उसळतो. अमेरिका आणि कॅनडातल्या ४५ केंद्रांत ८८५ रुग्णांवर चाचणी झाली. हृदयविकार किंवा मधुमेहामुळे ज्यांना स्टॅटिनची गरजच होती त्यांना वगळून, केवळ फुफ्फुसावरचा परिणाम पाहता येईल अशी ती आखली होती. २०१४मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. सिम्व्हास्टॅटिनच्या गटात आजार दर माणशी वर्षाला सरासरी १.३६ वेळा उसळला, निष्प्रभ गोळीच्या गटात १.३९ वेळा. पुढे चालू ठेवून काही निष्पन्न होणार नाही म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली होती. त्याच वर्षी अतिदक्षता विभागातल्या, फुफ्फुसे अचानक निकामी होणाऱ्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांतही रोसुव्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन निरुपयोगी ठरले. दमा हा वेगळा आजार आहे हे मान्य. पण तीच कारणमीमांसा, तशाच नोंदी आणि तशीच आशा घेऊन निघालेले औषध शेजारच्या आजारांत इतके स्पष्टपणे नापास झाल्यावर दम्यातल्या आशेचे वजनही कमी व्हायला हवे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की दम्यातल्या चाचण्या लहान आणि थोड्या काळाच्या होत्या. पन्नाससाठ रुग्ण, आठ आठवडे. एवढ्यात काय कळणार? आक्षेप रास्त आहे. दम्याचे झटके वर्षातून एकदोनदाच येणाऱ्या रुग्णांत ते कमी झाले की नाही हे आठ आठवड्यांत कळत नाही. शिवाय दमा हा एकच आजार नाही. स्थूल व्यक्तींचा दमा, धूम्रपान करणाऱ्यांचा दमा, अ‍ॅलर्जीचा दमा यांतला दाह वेगवेगळ्या जातीचा असतो, आणि सरासरी काढताना एखाद्या गटाचा फायदा झाकला जाऊ शकतो. ग्लासगोतल्याच दुसऱ्या एका चाचणीत धूम्रपान करणाऱ्या ७१ दमेकऱ्यांना चार आठवडे अटोर्व्हास्टॅटिन दिले, तेव्हा पीक फ्लो बदलला नाही, पण रोजचे जगणे किती सुसह्य आहे हे मोजणारे गुण सुधारले. तोंडाऐवजी श्वासावाटे स्टॅटिन देऊन यकृताचा अडथळा टाळता येईल का, यावरही अमेरिकेत प्रयोगशाळांत काम चालू आहे. हे सगळे पुढच्या संशोधनाची कारणे आहेत आणि ते संशोधन व्हावे असे मलाही वाटते. पण ‘अजून नीट तपासले नाही’ या वाक्याचा आधार घेऊन रुग्णाला औषध देता येत नाही. उपयोग सिद्ध करण्याची जबाबदारी औषधावर असते, निरुपयोग सिद्ध करण्याची रुग्णावर नसते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. नोंदींवर विश्वास ठेवायचा नाही, तर मग श्वासावाटे घेण्याच्या स्टिरॉइडने दम्याचे मृत्यू टळतात, हेही नोंदींवरूनच कळले आहे ना? खरे आहे. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांताच्या नोंदींवरून २०००मध्ये दिसले की वर्षभरात वापरलेल्या प्रत्येक जादा पंपामागे दम्याने मृत्यू होण्याचा धोका २१ टक्क्यांनी घटतो. तिथेही नेमाने वागणाऱ्या माणसाचा प्रश्न येतोच. फरक असा की तिथे नोंदी एकट्या उभ्या नाहीत. नव्याने दमा झालेल्या ७,२४१ रुग्णांवर ३२ देशांत झालेल्या चाचणीत रोज थोड्या ब्युडेसोनाइडने गंभीर झटक्याचा धोका ४४ टक्क्यांनी कमी केला, आणि ती चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली, निष्प्रभ औषधाशी तुलना केलेली चाचणी होती. प्रयोगशाळा, चाचणी आणि नोंदी तिघींचे म्हणणे एक आले की आपण निश्चिंत होतो. स्टॅटिनच्या बाबतीत प्रयोगशाळा आणि काही नोंदी एकीकडे, आणि चाचण्या दुसरीकडे आहेत. मोजमापाचा काटा दोन्हीकडे तोच आहे, त्यावर वजन वेगवेगळे भरते.

तिसरा आक्षेप व्यवहारातला, आणि आपल्या इथे तोच सर्वांत महत्त्वाचा. गोळी स्वस्त आहे, फारशी घातक नाही, तर घेऊन पाहायला काय हरकत? हरकत अशी की भारतात दम्याच्या गोळीचा मोह आधीच जीवघेणा ठरला आहे. जगातल्या दमेकऱ्यांपैकी अंदाजे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. याचे मोठे कारण म्हणजे श्वासावाटे घेण्याचे स्टिरॉइड बहुसंख्य रुग्णांपर्यंत पोचतच नाही, किंवा पोचले तरी ते घेतले जात नाही. पंप म्हणजे शेवटचा उपाय, पंपाची सवय लागते, मुलीच्या लग्नात अडचण येईल, स्टिरॉइड म्हणजे वाईटच, अशा समजुती घरोघरी आहेत. म्हणून लोक साल्ब्युटॅमॉल आणि थिओफायलिनच्या गोळ्यांवर वर्षे काढतात, कोजागरीच्या रात्रीचे औषध घेतात, जूनमध्ये हैदराबादला मासा गिळायला जातात. अशा समाजात ‘हृदयाच्या गोळीने दमाही बरा होतो’ ही बातमी गेली, तर ती पंपाला जोड म्हणून नव्हे, पंप टाळायला आणखी एक निमित्त म्हणून वापरली जाईल. खरे तर पंपातली स्टिरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, म्हणजे तोंडाने घेण्याच्या स्टिरॉइडच्या मानाने फारच थोडी, आणि ती थेट श्वासनलिकेच्या अस्तरावर पडते. तोंडाने घेतलेल्या स्टॅटिनला जे साधत नाही, ते पंपाला जन्मतःच साधलेले आहे. दम्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे ठरवणारा ‘जीना’ हा तज्ज्ञगट तर २०१९पासून सांगतो आहे की कोणाही प्रौढाने नुसत्या तात्पुरत्या आराम देणाऱ्या पंपावर भागवू नये, स्टिरॉइड असलेला पंप प्रत्येकाला हवा.

आता उलट बाजू, कारण तिकडेही गैरसमज कमी नाहीत. दमा आहे म्हणून स्टॅटिन बंद करू नये. ज्याला हृदयविकार, मधुमेह किंवा वाढलेल्या कोलेस्टेरॉलमुळे ही गोळी दिली आहे, त्याला दम्यामुळे ती वर्ज्य ठरत नाही. एलडीएल कोलेस्टेरॉल साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरले की हृदयाचे झटके आणि पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतात, हे लाखाहून अधिक लोकांवरच्या चाचण्यांचे एकत्रित फळ आहे. ते दमेकऱ्याने का गमवावे? मात्र हृदयाच्या प्रिस्क्रिप्शनमध्ये दमेकऱ्याने ज्यांच्याकडे लक्ष ठेवायचे ती औषधे वेगळीच आहेत. पहिले अ‍ॅस्पिरिन. प्रौढ दमेकऱ्यांपैकी साधारण सात टक्के लोकांना अ‍ॅस्पिरिन आणि तत्सम वेदनाशामकांनी दम्याचा तीव्र झटका येऊ शकतो. नाकात मांस वाढलेल्यांत हे अधिक आढळते. आपल्याकडे अटोर्व्हास्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास मिळते. रुग्ण तिला कोलेस्टेरॉलची गोळी म्हणतो आणि धाप वाढली की दोष स्टॅटिनला देतो. स्ट्रिपच्या मागे छापलेली दोन्ही नावे वाचली तर खरा संशयित कदाचित दुसरा निघेल. दुसरे औषध बीटा ब्लॉकर. प्रोप्रॅनोलॉलसारखी या गटातली काही औषधे श्वासनलिका आवळतात, तर काही निवडक औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालतात. काचबिंदूसाठी डोळ्यात घालायचे टिमोलॉलचे थेंबही याच गटातले आहेत, आणि डोळ्यातून ते रक्तात उतरतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. यातले काहीही मनाने बंद करायचे नाही. स्टेंट बसवलेल्याने अ‍ॅस्पिरिन अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना दम्याबद्दल सांगायचे आणि पर्याय विचारायचा.

स्टॅटिनची खरी गाठ पडते ती दमेकऱ्याला मधूनमधून लागणाऱ्या इतर औषधांशी. छातीत संसर्ग झाला की क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिले जाते. ते आणि सिम्व्हास्टॅटिन किंवा अटोर्व्हास्टॅटिन यकृतातल्या एकाच विकराने मोडली जातात. अँटिबायोटिकने ते विकर अडवले की स्टॅटिनची रक्तातली पातळी कित्येक पटींनी चढते, स्नायू तुटू लागतात आणि क्वचित मूत्रपिंडे निकामी होतात. इट्राकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाचा असाच परिणाम होतो. भारतातल्या दमेकऱ्यांत एबीपीए नावाचा, अ‍ॅस्परजिलस बुरशीच्या अ‍ॅलर्जीतून होणारा गुंतागुंतीचा आजार दुर्मीळ नाही, आणि त्यावर इट्राकोनॅझोल महिनोन्‌महिने द्यावे लागते. ज्या बुरशीकुळाने जगाला लोव्हास्टॅटिन दिले, त्याच कुळातली दुसरी बुरशी या आजाराच्या मुळाशी असते. इट्राकोनॅझोल चालू असताना सिम्व्हास्टॅटिन पूर्ण वर्ज्य असते आणि अटोर्व्हास्टॅटिनचाही फेरविचार करावा लागतो. रोसुव्हास्टॅटिन या मार्गाने फारसे मोडले जात नसल्याने डॉक्टर अनेकदा त्याच्याकडे वळतात. इट्राकोनॅझोल ब्युडेसोनाइड आणि फ्लुटिकॅसोनसारख्या पंपातल्या स्टिरॉइडचीही रक्तातली पातळी वाढवते, हेही छातीच्या डॉक्टरांच्या नजरेसमोर असायला हवे. तशी नुसत्या स्टॅटिनने स्नायूंना गंभीर इजा होणे फार विरळा, वर्षाला दहा हजारांत सुमारे एक. दोन डॉक्टरांची दोन प्रिस्क्रिप्शन एकमेकांना माहीत नसली की तो आकडा बदलतो.

मोठ्या शहरात हृदयरोगतज्ज्ञ एका इमारतीत बसतात, छातीचे डॉक्टर दुसऱ्या, आणि तापासर्दीचे औषध गल्लीतला फॅमिली डॉक्टर देतो. तिघांपैकी कोणाकडेही रुग्णाची पूर्ण यादी नसते. ती फक्त रुग्णाच्या घरात असते. म्हणून दमा आणि कोलेस्टेरॉल दोन्ही असलेल्या प्रत्येक वाचकाला एक विनंती. पुढच्या वेळी हृदयाच्या डॉक्टरांकडे जाताना दम्याचा पंप पिशवीत टाका, आणि छातीच्या डॉक्टरांकडे जाताना कोलेस्टेरॉलच्या गोळीची स्ट्रिप सोबत न्या. अँटिबायोटिक लिहून देणाऱ्याला दोन्ही दाखवा. आणि तुमच्या पंपात स्टिरॉइड आहे की नाही हे ठाऊक नसेल, तर ते आजच डब्यावर वाचा किंवा औषधाच्या दुकानात विचारा. नसेल, तर कोलेस्टेरॉलच्या गोळीचा विचार बाजूला ठेवून आधी त्यासाठी डॉक्टरांची वेळ घ्या.